राणीवर चिडलेले आणि राणीला कंटाळलेले

पत्र

स. न. वि. वि.

मी तीन खंडांची एक राजकीय फँटसी लिहिते आहे. पहिल्या खंडात मिठावरच्या कराचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाची मुलगी बंडात उतरते आणि थेट सिंहासनापर्यंत पोचते. तो खंड लोकांनी डोक्यावर घेतला. चार महिन्यांपूर्वी दुसरा आला. त्यात ती राज्य करते. खजिना रिकामा, सैन्याचा पगार थकलेला. म्हणून ज्या सेनापतीने तिच्या भावाला मारलं त्याच्याशीच ती तह करते आणि बंडातल्या जिवलग मित्राला सीमेवर धाडून देते. शेवटच्या पानावर शहराचे दरवाजे बंद होतात.

आता प्रतिक्रिया ऐका. ‘दोनशे पानं झाली तरी कुणी घोड्यावर बसत नाही.’ ‘आमच्या राणीचा तुम्ही खून केलात.’ ‘मित्र कुठे गेला?’ ‘हा काय शेवट झाला?’ एकाने दाखवून दिलं की नवव्या प्रकरणात मंत्री सात आहेत आणि चौदाव्यात नऊ. काहींना खात्री आहे की माझा कोषाध्यक्ष म्हणजे आजचा एक खराखुरा पुढारी. दुसऱ्या काहींनाही तितकीच खात्री आहे, फक्त पुढारी वेगळा. एका बाईंनी एवढंच लिहिलं, ‘तिला मी माफ करणार नाही. तिसरा कधी?’

प्रकाशक म्हणतात, तिसऱ्यात राणीला पहिल्यासारखी करा, मित्राला परत आणा. निम्मा मसुदा तयार आहे, पण तीन आठवडे मी त्याला हात लावलेला नाही. एकदा मध्यरात्री एका वाचकाला तहाचं समर्थन करणारं अकराशे शब्दांचं उत्तर लिहिलं. त्याने एका ओळीत विचारलं, ‘हे पुस्तकात का नाही?’ तेव्हापासून झोप उडाली आहे. काय करू?

— सातांचे नऊ करणारी

उत्तर

सातांचे नऊ करणाऱ्या बाई,

उत्तराला उशीर झाला, कारण आधी तुमचे दोन्ही खंड मिळवून वाचले. न वाचता सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि तुमच्या राज्यात तर कुणी घोड्यावरसुद्धा बसत नाही म्हणतात.

तुमच्या पत्रातला सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे तो मध्यरात्रीचा वाचक, आणि नेमकी त्याच्यामुळेच तुम्ही झोप घालवून बसलात. त्याच्याकडे येते. पण आधी बाकीची गर्दी जरा पांगवू या, नाहीतर तो दिसायचा नाही.

पत्र समोर ठेवून मी प्रतिक्रियांचे दोन ढीग केले. कौतुकाचा एक आणि टीकेचा एक, असे नाहीत. तसे सगळेच लेखक करतात आणि मग पहिला ढीग विसरून दुसऱ्यात तोंड खुपसून बसतात. मी केले ते चिडलेल्यांचा एक आणि कंटाळलेल्यांचा एक. ‘राणीचा खून केलात’ म्हणणारा चिडलेला. ‘कुणी घोड्यावर बसत नाही’ म्हणणारा कंटाळलेला. नाराज दोघंही आहेत, पण चिडलेला अजून तुमच्या राज्यातच आहे, राजवाड्यासमोर उभा राहून घोषणा देतोय. कंटाळलेला केव्हाच सीमा ओलांडून गेला. जाताना चौकीवरच्या वहीत एक ओळ लिहून गेला, तेवढीच. तुमच्या प्रकाशकांनी घोषणा ऐकल्या, ते घाबरले आणि म्हणाले, राणी बदला. चौकीवरची वही कुणी उघडलीच नाही.

राणीचं आधी सांगून टाकते. तिला हात लावू नका.

पहिल्या खंडात वाचकासमोर एकच प्रश्न होता, ही मुलगी सिंहासनावर बसते की नाही. कौटिल्याने राज्याची सात अंगं सांगितली आहेत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. बंडाच्या गोष्टीला त्यातलं पहिलं अंग पुरतं. स्वामी कोण होणार, यावर पाचशे पानं सहज निघतात आणि शेवटच्या पानावर वाचकाला वाटतं, मिळालं एकदाचं राज्य. मग दुसरा खंड उघडतो आणि उरलेली सहा अंगं दाराशी रांग लावून उभी असतात, प्रत्येकाच्या हातात थकबाकीचा कागद. तुमचा रिकामा खजिना हा कोश. पगार थकलेलं सैन्य हा दंड. आणि मित्र? कौटिल्याच्या यादीतला मित्र म्हणजे जिवाभावाचा दोस्त नव्हे. वेळेला उपयोगी पडणारं दुसरं राज्य, असा त्याचा अर्थ. तुमच्या राणीने खऱ्या मित्राला सीमेवर धाडलं आणि भावाच्या मारेकऱ्याला त्या सातव्या जागेवर बसवलं. हे तुम्ही ठरवून केलंत की लिहिता लिहिता झालं, मला ठाऊक नाही. पण अख्ख्या दुसऱ्या खंडातली ही सगळ्यात खरी जागा आहे. ती खोडायला निघालात तर मीच घोड्यावर बसून येईन.

वाचक चिडले, कारण पहिल्या खंडात तिच्यासाठी टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या. आता त्या टाळ्यांचं बिल आलंय, ते कुणाला आवडेल? अमेरिकी विज्ञानकथालेखक फ्रँक हर्बर्टचंही हेच झालं होतं. त्याची ‘ड्यून’ ही कादंबरी पुस्तकरूपाने १९६५ मध्ये आली, त्याआधी ती ‘ॲनालॉग’ मासिकात क्रमशः छापून आली होती. संपादक होते जॉन कॅम्बेल. पुढची कथा सुरू होते ती गोष्टीतल्या बारा वर्षांनंतर. नायक सम्राट झालाय, आणि त्याच्या नावाने लढल्या गेलेल्या धर्मयुद्धात अब्जावधी माणसं मेलेली आहेत. ज्या कॅम्बेलनी पहिली कथा उचलून धरली त्यांनीच ही दुसरी नाकारली. त्यांना नायक हवा होता, नायकाची पडझड नको होती. ती कथा १९६९ मध्ये ‘गॅलक्सी’ या दुसऱ्या मासिकात आली. संपादकासाठी हर्बर्टने सम्राटाला पुन्हा गोड करून दिलं नाही. (कुणी नाकारलं म्हणजे पुस्तक थोरच असतं, असा अर्थ मात्र काढू नका. नाकारलेल्या वाईट पुस्तकांची संख्या फार मोठी आहे.)

तेव्हा ‘माफ करणार नाही, तिसरा कधी?’ असं लिहिणाऱ्या बाईंची ओळ कापून लिहिण्याच्या टेबलासमोर चिकटवा. राजकीय कादंबरीच्या दुसऱ्या खंडाला याहून चांगली दाद मिळत नसते.

आता चौकीवरची वही उघडू.

घोड्यांची तक्रार करणाऱ्यांचं तुम्ही काय घोडं मारलंत, असं मलाही आधी वाटलं. पण नवव्या प्रकरणापासून सतराव्यापर्यंत वाचताना मीही दोनदा पुस्तक पालथं ठेवलं, आणि दोन्ही वेळा मंत्र्यांची बैठक चालू होती. दोष बैठकीचा नाही. महाभारताचं दुसरं पर्व सभापर्व. नावातच सभा आहे. त्यात जरासंधाशी कुस्ती आहे, चारी दिशांचे दिग्विजय आहेत, पण ते पर्व मिटल्यावर डोळ्यांसमोर उरतं ते एक सभागृह आणि त्यात बसलेली माणसं. कुणी शस्त्र उचललेलं नाही, फासे पडलेत. आणि द्रौपदी एक निव्वळ कायद्याचा प्रश्न विचारते: धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? भीष्मांनाही नीट उत्तर देता येत नाही. घोडा नाही, तलवार नाही. त्या सभेला कंटाळलेला माणूस मला अजून भेटायचाय.

त्याच पर्वातली दुसरी एक जागा तुमच्या जास्त कामाची आहे. राजसूय यज्ञाला देशोदेशीच्या राजांनी काय काय नजराणे आणले, याची लांबलचक यादी तिथे आहे. घोडे, हत्ती, लोकर, रत्नं, दासी, संपता संपत नाही. तुमच्या अकराव्या प्रकरणात प्रांतवार महसुलाची यादी आहे तशीच. तुमच्या यादीपाशी मी पानं उलटली. सभापर्वातल्या यादीपाशी उलटावीशी वाटली नाहीत. का, ते शोधलं. ती यादी कवी आपल्याला सांगत नाही. दुर्योधन बापाला सांगतो. प्रत्येक नजराणा मोजताना तो जळतोय, आणि ऐकणारा आंधळा बाप जळणाऱ्या मुलाला ना आवरू शकतोय ना नाही म्हणू शकतोय. यादीतली प्रत्येक ओळ द्यूताकडे एक पाऊल सरकते. तुमचा महसूल कोण सांगतं? एक कारकून, ज्याला नाव नाही, आणि कुठल्या प्रांताने किती भरलं याच्याशी ज्याचं काही देणंघेणं नाही. हीच यादी मिठाच्या कराच्या कारकुनाच्या मुलीने, म्हणजे तुमच्या राणीने, स्वतः वाचली असती तर? बापाच्या हाताखाली शिकलेला तोच हिशेब, आणि तोच कर आता तिला वाढवायचाय. बघा, मला लगेच पान उलटायचं नाहीये.

दुसरा खंड छापून झालाय, तो सोडून द्या. तिसऱ्याच्या निम्म्या मसुद्यात जितक्या बैठका असतील तितक्या बाजूला काढा आणि प्रत्येकीच्या शेवटी विचारा, दारातून आत आलेल्यांपैकी बाहेर जाताना कोण काय हरलं? पद, पैसा, शब्द, झोप, काहीही चालेल. कुणीच काही हरलं नसेल तर ती बैठक चार ओळींत उरका. माझा अंदाज, निम्म्या उडतील. उरलेल्या वाचताना कुणाला घोडे आठवणार नाहीत.

स्वतःचं सांगते. एका मालिकेचा दुसरा खंड मी एका तहाच्या वाटाघाटीच्या ऐन मध्यावर कायमचा ठेवून दिला. चाळीस पानं दोन राज्यं एका प्रांतावरून घासाघीस करत होती, आणि तो प्रांत कुणाच्या वाट्याला जाणार हे पुस्तकाच्या सुरुवातीच्या नकाशात रंगवून ठेवलेलं होतं. राग वगैरे आला नाही. रागावण्याइतकी मी त्यात गुंतलेच नव्हते. लेखकाला त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. कंटाळलेले वाचक बहुधा लिहीत नाहीत. ज्यांनी तुम्हाला घोड्यांबद्दल लिहिलं त्यांचे आभार माना, ते न लिहिणाऱ्यांच्या वतीने बोललेत. आणि तुमच्या तिसऱ्या खंडातल्या नकाशाकडेही एकदा बघून घ्या.

आता मध्यरात्रीचा वाचक.

तुम्ही त्याला अकराशे शब्द लिहिलेत. ते मला पाठवले नाहीत, पण मी सहज ओळखू शकते त्यात काय असेल. खजिन्यात किती महिन्यांचं धान्य उरलं होतं, सेनापतीकडे किती फौज होती, तह केला नसता तर पहिल्यांदा कोण मेलं असतं, आणि राणीने त्या रात्री काय केलं. बरोबर? यातलं काहीही पुस्तकात नाही. पुस्तकात तह होतो तो सोळाव्या आणि सतराव्या प्रकरणाच्या मधल्या कोऱ्या पानावर. सतरावं उघडलं की शिक्का उमटलेला. तुम्हाला वाटलं असेल, हा संयम आहे. वाचकाला कळेल. वाचकाला राणी बिघडलेली कळलं, ती कशी आणि कशासाठी बिघडली ते बघायला मिळालं नाही. म्हणून ‘तुम्ही खून केलात’ हा आरोप राणीवर न येता तुमच्यावर आला. चिडलेल्यांच्या ढिगातली एवढी एक गोष्ट खरी तक्रार आहे, आणि ती त्या माणसाने अवघ्या चार शब्दांत, सौम्यपणे सांगितली. तुम्ही अकराशे वापरलेत.

तर ते अकराशे शब्द काढा. त्यातलं समर्थन खोडा, म्हणजे ‘म्हणूनच’, ‘खरं तर’, ‘समजून घ्या’ असे शब्द जिथे असतील ती सगळी वाक्यं. जे उरेल ते एका प्रसंगाचं सामान आहे. तो प्रसंग तिसऱ्या खंडात हवा, आणि त्यात राणीला हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. कुणी विचारायचा? मंत्र्यांना तो अधिकार नाही, सेनापतीला गरज नाही, वाचकाला दरबारात प्रवेश नाही. अख्ख्या राज्यात तिला ‘का केलंस?’ असं एकेरीत विचारू शकणारा एकच माणूस तुम्ही ठेवलाय, आणि तो सीमेवर बसलाय.

म्हणजे तुमचे प्रकाशक अर्धे बरोबर निघाले, मला कबूल करावं लागतंय. मित्राला आणाच. पण लोकांना त्याची आठवण येते म्हणून हसतखेळत आणू नका. तो यावा जाब विचारायला. तिने उत्तर द्यावं, आणि ते त्याला पटू नये. वाचकांपैकी निम्मे त्याच्या बाजूने, निम्मे तिच्या, असं झालं तर सुरेख. पहिल्यासारखी राणी मागणाऱ्यांनाही त्या पानांत ती क्षणभर दिसेल, कारण जुन्या मित्रासमोर माणूस थोडा जुना होतोच. तेवढंच त्यांना द्या.

त्या वाचकाला काय उत्तर लिहायचं, तर दोनच वाक्यं. तुमचा प्रश्न बरोबर आहे, त्यावर काम करते आहे. मग कुणालाही काही लिहू नका, निदान मसुदा संपेपर्यंत. तुम्ही वाईट भांडता असं नाही, चांगलं भांडता म्हणूनच. पुस्तकात घालायचा ऐवज रात्री बाराला पत्रांत उधळून टाकायची सवय लागली तर तिसऱ्या खंडाचा कोशही रिकामाच राहील.

उत्तर द्यायची खुमखुमी आवरेनाच तर ते पुस्तकात द्यावं. स्पॅनिश कादंबरीकार सर्व्हान्टिसने तसं केलं. त्याच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ चा. त्यात नायकाचा सेवक सांचो याचं गाढव चोरीला जातं आणि पुढे काही स्पष्टीकरण नसताना सांचो पुन्हा त्याच गाढवावर बसलेला दिसतो. लोक हसले. त्याच्या दुसऱ्या भागाची वाट बघता बघता १६१४ मध्ये भलत्यानेच एक दुसरा भाग लिहून छापला. सर्व्हान्टिसचा खरा दुसरा भाग आला १६१५ मध्ये, आणि त्यात पात्रांच्या कानावर येतं की आपल्यावरचं पुस्तक लोकांनी वाचलंय आणि त्यांच्या अमुक अमुक तक्रारी आहेत. गाढवाचं काय, असं विचारल्यावर सांचो म्हणतो, एकतर इतिहासकार चुकला असेल नाहीतर छापणाऱ्याचा हलगर्जीपणा. आणि त्या तोतया पुस्तकात आपण सारागोसाला गेलो होतो हे कळल्यावर डॉन किहोते सारागोसाचा बेतच रद्द करून बार्सिलोनाला जातो. वाचकांना दिलेलं इतकं चोख उत्तर मला दुसरं माहीत नाही. हे मात्र एकदाच जमतं, आणि हसत असलात तरच. चिडून केलं की वाचकाला लगेच वास येतो.

कोषाध्यक्षाचं फारसं मनावर घेऊ नका. दोन गटांना दोन वेगवेगळे पुढारी दिसले, म्हणजे तुम्ही कोषाध्यक्ष लिहिलात, पुढारी लिहिला नाहीत. टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या अंगठीच्या युद्धातही लोकांनी दुसरं महायुद्ध शोधलं होतं. त्याने पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलं की आपल्याला रूपककथा आवडत नाही. वाचकाने गोष्ट आपल्या अनुभवाला लावून बघणं वेगळं, त्यात वाचकाला मोकळीक असते. रूपकात लेखक आपला अर्थ वाचकावर लादतो. तुम्ही एवढंसुद्धा बोलू नका. ‘तो हा नव्हे’ म्हणालात की तिसरा गट तिसरा पुढारी घेऊन येईल.

बंद दरवाजांवरचा शेवट मला आवडला. टोल्किनचाच दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ मध्ये आला, त्याच्या शेवटी नायक फ्रोडो जिवंत पण शत्रूच्या हाती, आणि तिसरा खंड वाचकांच्या हातात पडला ऑक्टोबर १९५५ मध्ये. अकरा महिने लोक थांबले. अर्थात त्याच्याकडे सलग लिहिलेली एकच मोठी कादंबरी होती, ती खर्चापायी तीन खंडांत छापावी लागली, त्यामुळे तिसऱ्याची कथा आधीच लिहून झालेली होती. तुमच्याकडे निम्मा मसुदा आहे आणि तीन आठवडे वाया गेलेत. दरवाजे बंद करायचा हक्क तुम्हाला आहे, पण किल्ली घेऊन झोपायचा नाही.

राहिले सातांचे नऊ मंत्री. पुढच्या आवृत्तीत आकडा दुरुस्त करून टाका आणि दाखवून देणाऱ्याचे आभार माना, असं मी सरळ सांगणार होते. पण दोन्ही प्रकरणं पुन्हा काढून बघितली. नवव्यात तहाचं नावही नाही. चौदाव्यात तहाची कुजबुज सुरू झालीये, आणि सेनापती अजून शहराबाहेर छावणीत आहे. मग मधल्या काळात मंडळात येऊन बसलेली, नावं नसलेली ही दोन माणसं कुणाची? चूक दुरुस्त करण्याआधी एक रात्र यावर काढा. तशीही तुम्ही जागीच असता.